अकरा वर्षांचा ‘सुपरवायझर’: म्हाताऱ्या कुत्र्याला घर कसं शोधायचं

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ मिळत नाही आणि वैतरणा खाडीच्या पुलावर रेंज गेली की जे मला मेसेज करून शिव्या घालतात, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळले तिथे वाक्य सरळ केलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या काही महिन्यांत तुमच्याकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी आलाय. ‘आमच्या गल्लीत एक म्हातारं कुत्रं आहे, त्याला कोणी घेईल का?’ ‘आजोबा गेले, त्यांचा लॅब्रॅडॉर दहा वर्षांचा आहे, घरात कोणी सांभाळणारं नाही.’ ‘आमच्या गेटवरच्या कुत्र्याला नीट चालता येत नाही.’ पिल्लांबद्दल कोणी विचारत नाही, कारण पिल्लू उचललं जातं. फोटो टाकला की संध्याकाळपर्यंत चार फोन. म्हाताऱ्या कुत्र्याचा फोटो टाकला की चारशे बदाम येतात, रडणारे इमोजी येतात आणि फोन एकही येत नाही.

मी यातली तज्ज्ञ नाही. मी तारापूर एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करते, पालघरला राहते, रोज पालघर-उमरोळी-बोईसर करते. पण एका म्हाताऱ्या कुत्र्याला मी घर शोधलंय. एकदा चुकीचं आणि एकदा बरोबर. आज त्यातली चूक आधी सांगणार आहे, कारण शिकले ते तिथेच.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर एक युनिट होतं. गेटवर एक वॉचमन चाचा, जौनपूरकडचे, आणि त्यांच्यासोबत एक तांबूस देशी कुत्रा. त्याला सगळे ‘सुपरवायझर’ म्हणायचे, कारण शिफ्ट सुटताना तो बरोबर गेटच्या मधोमध येऊन बसायचा. सकाळी सात, दुपारी तीन, रात्री अकरा. एकेका माणसाकडे बघायचा, जणू हजेरी घेतोय. चाचांच्या खोलीबाहेर एका पोत्यावर झोपायचा, सकाळी चहात बुडवलेलं पार्ले-जी खायचा. तीच त्याची ड्युटी आणि तोच त्याचा पगार.

मग ते युनिट बंद पडलं, शेड विकली गेली, नव्या मालकानं नवी सिक्युरिटी एजन्सी आणली. चाचांचं वय झालेलं, ते गावी निघाले. जायच्या आदल्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाले, “बेटा, इसकी भी उमर हो गई है। नये लोग इसको नहीं रखेंगे। देख लेना।” एवढंच. मी ‘हो’ म्हणून टाकलं. ‘हो’ म्हणायला काय लागतं!

एमआयडीसीत ही गोष्ट नवी नाही. आपल्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात कुत्रं हे बहुतेक वेळा कंपनीचं नसतं, वॉचमनचं असतं. वॉचमन बदलला की कुत्र्याची नोकरी जाते. तरुण कुत्रं दुसरं गेट शोधतं. म्हाताऱ्याला दुसऱ्या गेटवरची कुत्री उभं करत नाहीत. मी पाहिलंय, तिसऱ्याच दिवशी सुपरवायझरच्या पाठीवर चाव्याची जखम होती.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण बरेच जण लगेच ‘घर, घर’ करायला लागतात. प्रत्येक रस्त्यावरच्या कुत्र्याला घर हवंच असतं असं नाही. ज्याचा भाग ठरलेला आहे, खायला घालणारी माणसं आहेत, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली आहे, असं धडधाकट कुत्रं आपल्या गल्लीत सुखी असतं. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही हेच सांगतात की नसबंदी करून कुत्र्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात बरंच काही झालं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्टेशन अशा जागांमधली कुत्री हटवून निवारा केंद्रात ठेवा, परत तिथे सोडू नका, असं सांगितलं गेलं. तेव्हापासून ‘आमच्या स्टेशनवरच्या म्हातारीचं काय करायचं’ असे मेसेज मला जास्त यायला लागले. तर घर शोधायची खरी वेळ कधी? कुत्र्याचा भाग सुटला असेल, त्याचं माणूस गेलं असेल, किंवा शरीर रस्त्याला पुरेनासं झालं असेल तेव्हा. सुपरवायझरच्या बाबतीत तिन्ही एकदम झालं होतं.

आता त्याचं वय. चाचांच्या हिशोबानं अकरा. डॉक्टरांनी दात बघून सांगितलं, दहा ते बारा. हे माणसाच्या किती वर्षांइतकं? आपण सगळे सातानं गुणतो, तो हिशोब चुकीचा आहे. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार होणारे रासायनिक बदल तपासले आणि एक वेगळं सूत्र मांडलं. त्याप्रमाणे दोन वर्षांचा कुत्रा माणसाच्या बेचाळिशीत असतो आणि दहा वर्षांचा अडुसष्टच्या आसपास. म्हणजे कुत्रं सुरुवातीला झपाट्यानं मोठं होतं आणि मग त्याचं वय वाढण्याचा वेग मंदावतो. हे सूत्र एकाच जातीवरून काढलंय, त्यामुळे आपल्या देशी कुत्र्याला शब्दशः लावू नका. पण एक लक्षात ठेवा, दहा-अकरा वर्षांचं कुत्रं म्हणजे ‘आज आहे उद्या नाही’ असं नसतं. ते निवृत्तीच्या वयात असतं. मोठ्या अंगाची कुत्री लवकर म्हातारी होतात, लहान अंगाची उशिरा, आणि आपली गावठी मध्यम अंगाची, काटक.

तर मी त्याला उचललं. पहिली गोष्ट केली ती बरोबर केली: तपासणी. आपल्या तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गर्दी असते ती गाई-म्हशी-शेळ्यांची, पण लस आणि साधी तपासणी होते. रक्ताचे नमुने आम्ही खासगी डॉक्टरांमार्फत पाठवले. सोनोग्राफीसारखं काही लागलं तर वसई-विरार किंवा थेट मुंबई. परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. आणि २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटांचं नवं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं.

रिपोर्टमध्ये काय आलं? एक, ऐकू जवळजवळ येत नाही. दोन, मागच्या पायांच्या सांध्यांत संधिवात. तीन, दोन दात किडलेले. चार, क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी. डॉक्टर म्हणाले ते मी फोनमध्ये लिहून ठेवलंय: रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम गेलेलं असतं. पण उरलेल्या एक-चतुर्थांशावर, जेवण सांभाळलं आणि पाणी भरपूर मिळालं, तर कुत्रं बरेच महिने, कधी काही वर्षंही चांगलं जगू शकतं. आणि डोळे? त्याच्या डोळ्यांत निळसर धूर दिसायचा, सगळे म्हणायचे आंधळा झालाय. तो मोतीबिंदू नव्हता. वयानं डोळ्यातलं भिंग घट्ट होतं आणि निळसर दिसतं, त्यातून कुत्र्याला बऱ्यापैकी दिसतं. मोतीबिंदू पांढरा असतो. हा फरक डॉक्टरांकडून नक्की करून घ्या, कारण ‘आंधळा’ हा एक शब्द जाहिरातीत गेला की निम्मे लोक तिथेच स्क्रोल करतात.

आणि इथे मी माती खाल्ली.

माझी पहिली पोस्ट अशी होती: ‘गोड, शांत, प्रेमळ सुपरवायझर. आयुष्यभर दुसऱ्यांची राखण केली, आता त्याला कोणी राखेल का? फक्त प्रेम हवंय.’ सोबत एक फोटो, पावसात भिजलेला, मान खाली. रील केलं, मागे दुःखी बासरी. खूप चाललं. पाच दिवसांनी पालघरमधल्याच एका जोडप्याचा फोन आला. दोघंही नोकरीला, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, माणसं खरोखर चांगली. त्यांनी विचारलं, “काही आजार वगैरे?” मी म्हणाले, “वयानुसार थोडंफार. पाणी जरा जास्त पितो.”

पाणी जरा जास्त पितो! किडनीचं कुत्रं दिवसभर पाणी पितं आणि दिवसभर शू करतं. ते दोघं सकाळी आठला जाणार, संध्याकाळी सातला येणार. लिफ्ट नाही. संधिवाताचं कुत्रं तीन मजले कसं चढणार, हे मी मनातल्या मनात ‘जमेल’ म्हणून सोडून दिलं होतं. आणि एक गोष्ट मला स्वतःलाही सुचली नव्हती. रात्री अकराला तो उठून दारात उभा राहायचा आणि भुंकायचा. शिफ्ट सुटायची वेळ! बहिऱ्या कुत्र्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो मोठ्यानं भुंकतो. नवव्या दिवशी फोन आला. ताई रडत होती. “आम्हाला जमत नाहीये हो, आणि वाईट वाटतंय की आम्हीच वाईट.” ती वाईट नव्हती. मी तिला कुत्र्याची अर्धीच माहिती दिली होती आणि उरलेली अर्धी तिच्या सतरंजीवर निघाली.

परत आणला तेव्हा सुपरवायझर गाडीतून उतरला आणि सरळ त्याच्या जुन्या गेटकडे चालायला लागला. तिथे नवा वॉचमन होता. त्यानं काठी आपटली. मी ते विसरलेली नाही.

त्यानंतर काही दिवस तो माझ्या मैत्रिणीच्या खोलीवर राहिला, सारावलीला. आणि मी पोस्ट पुन्हा लिहिली. ही तुम्ही हवी तर कॉपी करा, नाव बदला:

‘देशी नर, वय अंदाजे ११, वजन १६ किलो. ऐकू येत नाही, हातानं खूण केली की कळते. दिसतं. मागच्या पायांत संधिवात, जिने चढवत नाहीत. किडनीचा आजार, औषध आणि ठरलेलं जेवण चालू, महिन्याचा खर्च दोन-अडीच हजार, तो आम्ही काही जण मिळून देणार. दिवसातून सहा-सात वेळा शू करायला बाहेर न्यावं लागतं. रात्री ११ ला भुंकतो, दार उघडून बाहेर बघू दिलं की गप्प होतो. माणसांना चावलेला नाही. दुसऱ्या कुत्र्यांशी जमत नाही. लहान मुलांसोबत राहिलेला नाही. घरी कोणीतरी दिवसभर असेल आणि तळमजला असेल तरच फोन करा. डॉक्टरांच्या मते एक ते दोन वर्षं, जास्तही असू शकतात. शेवटपर्यंत हवा असेल तरच घ्या.’

मैत्रीण म्हणाली, हे वाचून कोणी फोन करणार नाही. खरंच फार आले नाहीत. तीन आले. पण पहिल्या पोस्टच्या चारशे बदामांपेक्षा ते तीन फोन कामाचे होते, कारण ज्यांना जमणार नव्हतं ते आधीच गळाले होते. पिल्लू घेताना तुम्ही अंदाजावर घेता. किती मोठं होईल, चावरं निघेल की भित्रं, काही माहीत नसतं. म्हाताऱ्या कुत्र्याचा सगळा रिपोर्ट तुमच्या हातात असतो. मग तो लपवायचा कशाला?

फोटोही बदलले. भिजलेला फोटो काढून टाकला. खाली बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक फोटो. खुर्चीच्या शेजारी उभा असलेला एक, म्हणजे आकार कळतो. आणि वीस सेकंदांचा व्हिडिओ, तो चालतोय, थोडा लंगडतोय. लंगडणं कापलं नाही.

दुसरी गोष्ट, जाहिरात लावायची कुठे? आपण तरुण मंडळी सगळं इन्स्टावर टाकतो. आता विचार करा, दिवसभर घरी असणारं, तळमजल्यावर राहणारं, शांत दिनक्रमाचं माणूस रील बघत बसलंय का? ते बहुतेक निवृत्त असतं. ते मेडिकलमध्ये बीपीची गोळी आणायला जातं, वाचनालयात जातं, भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतं. म्हणून मी ए-फोर कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढल्या आणि बोईसर, तारापूर, चिंचणी, पालघर, केळवे इथल्या मेडिकलवाल्यांना विनवण्या केल्या. अर्ध्यांनी लावल्या.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मटव्हिल नावाची संस्था २००७ पासून हेच काम करते, फक्त सात वर्षं आणि त्यापुढच्या कुत्र्यांसाठी. त्यांची एक योजना आहे ज्येष्ठ माणसांना ज्येष्ठ कुत्री देण्याची, आणि बासष्टच्या पुढच्या माणसाकडून त्यात दत्तक फी घेत नाहीत. आपल्याकडे अशी संस्था दारात नसली तरी हिशोब तोच आहे. पिल्लाला हवा असतो दमसास. म्हाताऱ्या कुत्र्याला कोणीतरी घरात असलेलं हवं असतं. खर्च आपण उचलायचा आणि घर दुसऱ्यानं द्यायचं, ही कल्पनाही बाहेरच्या संस्थांकडूनच मी उचलली. आमच्या लॅबमधले पाच जण महिन्याला पाचशे टाकतात. चहा-वडापावच्या खर्चातून निघतात.

आता ते तीन फोन.

पहिला एका वाडीवाल्या काकांचा. “पोरी, आण इकडे, वाडीवर बांधून ठेवतो, नारळ चोरीला जातात.” मी म्हटलं, काका, त्याला ऐकू येत नाही. तर म्हणाले, “भुंकतो तर ना?” हसू आलं, पण नाही म्हणाले. राखणदार हवा असणं हा गुन्हा नाही, पण अकरा वर्षं नोकरी केलेल्याला पुन्हा साखळीवर कामाला लावायचं नव्हतं. आणि जाता जाता सांगते, जनावराला आखूड साखळीनं ताटकळत बांधून ठेवणं किंवा उपाशी मरायला वाऱ्यावर सोडून देणं हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. दंड किती? पहिल्या वेळेला दहा ते पन्नास रुपये. अनेक दशकांपूर्वीची रक्कम, अजून तीच. तेवढ्यात आता दोन वडापाव येतात. म्हणून कायद्याच्या भरवशावर कुत्रं देऊ नका, माणूस बघून द्या.

दुसरा फोन एका मुलाचा, बोईसरमध्येच, पेइंग गेस्ट म्हणून राहणारा. मनापासून हवा होता त्याला. त्याला मी नाही म्हणाले नाही, फॉस्टरच्या यादीत ठेवलं. अडीअडचणीला दोन-चार दिवस सांभाळणारं माणूस सोन्यासारखं असतं.

तिसरा फोन चिंचणीहून. निवृत्त शिक्षिका, वय अडुसष्ट, एकट्या राहतात. जुनं कौलारू घर, पुढे अंगण, मागे विहीर. आवाज अगदी वर्गातला. “अगं, तू लिहिलंयस रात्री अकराला भुंकतो. मला तसंही बारापर्यंत झोप लागत नाही. घेऊन ये.”

मी लगेच नेला नाही. आधी एकटी गेले. घर बघणं म्हणजे संशय घेणं नव्हे, हे समोरच्याला आधी सांगा. काय बघायचं? फरशी. गुळगुळीत टाइल्सवर संधिवाताचं कुत्रं घसरतं. बाईंच्या घरी शहाबादी होती, उत्तम. विहिरीला कठडा होता. फाटक नीट लागत होतं. शेजारी विचारलं, कोणाचं कुत्रं मोकळं फिरतं का? फिरत होतं एक, पण त्याला फाटकाच्या बाहेर ठेवायचं ठरलं. सोसायटीत राहणाऱ्यांसाठी: पाळीव प्राणी ठेवू नका असा सरसकट नियम सोसायटी करू शकत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळानं २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. तरी सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवलेलं बरं. नियम तुमच्या बाजूनं असला तरी जिन्यात रोज भेटायचं असतं.

मग अवघड प्रश्न विचारला. “बाई, तुम्हाला काही झालं तर?” विचारताना माझी जीभ जड झाली. त्या शांतपणे म्हणाल्या, “मी शिक्षिका होते, हजेरीपटावर मॉनिटरचं नाव आधी लिहायचे.” आणि पालघरच्या त्यांच्या भाच्याला तिथेच फोन लावला. त्याच्याशी मी बोलले, तो एकदा येऊन कुत्रा बघून गेला, कागदावर दुसरं नाव त्याचं.

हे दुसरं नाव मी आता कोणालाही विचारते, वय पंचवीस असो की सत्तर. रतन टाटा ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले. त्यांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद होती, कोण सांभाळेल हेसुद्धा त्यात ठरवलेलं होतं, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. आपल्याकडे मृत्युपत्र नाही, बंगला नाही, पण एक फोन नंबर तर आपण लिहून ठेवू शकतो.

न्यायच्या दिवशी मी पहिल्या वेळची आणखी एक चूक सुधारली. पालघरला नेताना त्याला शाम्पूनं स्वच्छ आंघोळ घातली होती आणि ते मळकट पोतं टाकून दिलं होतं. ऐकू न येणाऱ्या, कमी दिसणाऱ्या कुत्र्याचं सगळं जग नाकात असतं आणि मी नेमका तो वासच धुऊन टाकला होता! या वेळी चाचांना फोन केला. त्यांची जुनी शाल शेडमागच्या खोलीत राहिली होती, ती शोधून आणली, न धुता. मैत्रिणीच्या भावाच्या ईकोत मागची सीट पाडून त्यावर शाल, त्यावर सुपरवायझर. तारापूर रोडनं चिंचणी. वाटेत एकदा शूसाठी थांबलो.

बाईंना मी एक कागद लिहून दिला होता. पाण्याची दोन भांडी, एक कधीच रिकामं नको. जेवण डॉक्टरांनी सांगितलं तेच, सुकी मासळी आणि खारट काही नाही (चिंचणीत हे सांगावं लागतं!). झोपलेला असताना मागून हात लावायचा नाही, बहिरं कुत्रं दचकून तोंड टाकतं. आधी जमिनीवर पाय आपटायचा, कंपन कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लंगडला म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन काही द्यायचं नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषासारख्या असतात, किडनीवाल्याला तर जास्तच. हे तुमच्या घरच्या कुत्र्यालाही लागू आहे, लक्षात ठेवा.

पहिले तीन दिवस तो शालीवरून हलला नाही. जेवला नाही नीट. बाईंचा फोन यायचा, मला पालघरच्या ताईचा आवाज आठवायचा आणि पोटात गोळा यायचा. रेस्क्यू करणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे: तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. म्हाताऱ्यांना जास्तही लागू शकतो. आम्ही दोन आठवड्यांची मुदत ठरवली होती: नाही जमलं तर मी परत नेईन, एक प्रश्न विचारणार नाही. हे आधीच बोलून ठेवा. परत करायची लाज वाटणारं माणूस परत करत नाही, मग कुत्रं अंगणाबाहेर काढलं जातं.

पाचव्या रात्री अकराला तो उठला, दारात गेला, भुंकला. बाईंनी दार उघडलं, ओटीवर दिवा लावला आणि खुर्ची टाकून बसल्या. तो फाटकापर्यंत गेला, रस्त्याकडे बघितलं. कोणी सुटलं नाही. परत आला आणि त्यांच्या पायाशी बसला. आता ते रोजचं झालंय. बाई म्हणतात, माझी नाईट शिफ्ट सुरू झाली.

त्याला तिथे जाऊन चौदा महिने झाले. सगळं गोड नाहीये. या पावसाळ्यात क्रिएटिनिन पुन्हा वाढलं, दोन दिवस काही खाल्लं नाही, वाटलं संपलं. आता आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन द्यावं लागतं. डॉक्टरांनी भाच्याला शिकवलं, तो नसेल तेव्हा मी जाते. पुढे एक दिवस असा येणार आहे की तो उठणार नाही, किंवा उठता येत नाही म्हणून विव्हळेल, आणि मग डॉक्टरांना बोलवायचं की नाही हे ठरवावं लागेल. ते कोणी ठरवायचं हेही आम्ही बोलून ठेवलंय: बाई ठरवतील, मी तिथे असेन. कागदावर घेतलेलं नाही, पण बोललोय.

गेल्या रविवारी सलाईन द्यायला गेले तेव्हा चाचांना व्हिडिओ कॉल लावला. जौनपूरला नेटवर्क यथातथा, चित्र सारखं अडकत होतं. चाचा त्याला हाका मारत राहिले, त्याला अर्थातच काही ऐकू आलं नाही, तो फोनची कड हुंगत बसला. चाचा थोडा वेळ नुसतेच बघत राहिले आणि मग म्हणाले, “मोटा हो गया साला।”

बाईंनी विचारलं, काय म्हणाले ते? मी सांगितलं. बाई म्हणाल्या, त्यांना सांग, बिस्किटं बंद आहेत.